मराठी वेबसाइटच्या मथळ्यांसाठी वेगळा फॉन्ट: निवडण्यापासून तपासण्यापर्यंत

मराठी वेबसाइट कुठलीही उघडा, मथळे बहुधा फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असलेल्या फॉन्टमध्येच दिसतात. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला यूआय. हे फॉन्ट वाईट नाहीत, वाचायला तर चांगलेच आहेत. पण दिवाळी अंक, गावचं ग्रंथालय आणि पतसंस्था या तिघांच्याही साइटवरचे मथळे एकाच तोंडवळ्याचे दिसले, तर त्यात त्या संस्थेचं असं काही राहत नाही. मथळ्यापुरता एक वेगळा फॉन्ट दिला की हा प्रश्न सुटतो आणि त्यासाठी सगळी साइट नव्याने बांधावी लागत नाही. अडचण एवढीच, की या विषयावरची बहुतेक मार्गदर्शनं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. ती जशीच्या तशी वापरली की देवनागरी मथळा ठरावीक चार-पाच ठिकाणी बिघडतो. त्या जागांवर इथे जास्त वेळ देतो आहे.

एक सूचना आधीच: सीएसएसमधली, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांमधली, नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच टाइप करायची.

जुन्या युक्त्या आधी काढा

मथळा हा मजकूर म्हणूनच राहिला पाहिजे, ही या कामातली पहिली अट. सुलेखनकाराकडून लिहून घेतलेलं किंवा फोटोशॉपमध्ये केलेलं मथळ्याचं चित्र सुंदर दिसतं. पण ते गुगलला मजकूर म्हणून सापडत नाही, अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, कॉपी होत नाही आणि छोट्या पडद्यावर बारीक होऊन बसतं. वर प्रत्येक नव्या लेखासाठी नवं चित्र करावं लागतं. साइटच्या नावाची अक्षरमुद्रा चित्र असायला हरकत नाही, लेखांचे मथळे मात्र नकोत.

जुनी थीम वापरत असाल तर तिच्यात सिफर किंवा कुफॉन अजून शिल्लक आहे का ते बघा. सिफर मथळ्याच्या जागी फ्लॅशचा तुकडा बसवायचं. डिसेंबर २०२० मध्ये फ्लॅशच बंद झालं, त्यामुळे तो कोड आता निव्वळ ओझं आहे. २००९ च्या सुमारास आलेलं कुफॉन जावास्क्रिप्टने एकेक अक्षर रेखाटायचं. रोमन लिपीत ते चालून गेलं. देवनागरीत अक्षरं एकमेकांवर परिणाम करतात, वेलांटी आधी येते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. सुटं सुटं रेखाटलं की जोडाक्षराचे तुकडे पडणारच. हे दोन्ही सापडले तर पूर्ण काढून टाका.

तिसरी जुनी गोष्ट जास्त चिवट आहे. छपाईच्या कामातून आलेले श्रीलिपी किंवा कृतिदेव घराण्यातले बिगर-युनिकोड फॉन्ट वेबसाइटवर चढवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्यांची वळणं डोळ्यांत बसलेली असतात. या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरं रोमन चिन्हंच असतात, वर फक्त देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. फॉन्ट लोड झाला नाही तर वाचकाला रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो आणि शोधयंत्राला तर कायमच तोच दिसतो. जुना मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच पुढे चला.

फॉन्ट निवडताना

गुगल फॉन्ट्सवर देवनागरीचा गाळणी-पर्याय लावला की भरपूर मोफत फॉन्ट समोर येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’, ‘मोदक’ आणि ‘अनेक’ हे फॉन्ट तिथे आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचे पॉपिन्स, हिंद, खंड, तेको, रोझा वन आहेत. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला यात्रा वन आहे. पुस्तकी, भारदस्त वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी माझ्या सर्वांत आवडीचा. नावात मराठी आहे ते उगाच नाही: मराठी वळणाचे ल आणि श त्यात मुळातच दिलेले आहेत.

बातम्यांच्या साइटला खंड किंवा तेकोसारखा अरुंद फॉन्ट सोयीचा, कारण मराठी मथळे लांब असतात आणि मोबाइलवर तीन ओळींत मावले पाहिजेत. ‘अनेक देवनागरी’ हा व्हेरिएबल फॉन्ट आहे. त्याच्या एकाच फाइलमधून जाडी १०० पासून ८०० पर्यंत आणि रुंदी ७५ पासून १२५ टक्क्यांपर्यंत हवी तशी घेता येते. साहित्यिक किंवा संशोधनपर लेखनाला टिरो किंवा एक्झार शोभतो. मोदक अतिशय जाड आहे. मुलांच्या साइटवर, चार-पाच शब्दांत तो खुलतो. लांब मथळ्यात अक्षरांतली पोकळीच उरत नाही, म्हणून तिथे टाळा.

नमुन्याच्या वाक्यावर भुलून निवड करू नका. पुढचे शब्द एका ओळीत टाइप करून फॉन्टच्या पानावर चिकटवा आणि डोळ्यांत तेल घालून बघा:

वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्तृत्व, महाराष्ट्र, पट्ट्या, ज्ञानेश्वरी, लक्ष्मी, हृदय, शृंगार, ऱ्हास, कुऱ्हाड, वारकऱ्यांच्या, सर्वांत, मूर्तींची, ॲडव्होकेट, ऑक्टोबर, बाळ, ₹ ५००

सर्वांतमध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटतात का? मूर्तींचीमध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही सुटे दिसतात का? वाङ्मयमधला ङ् पायमोडका राहतो की नीट बसतो? त्यातही दोन जागा खास मराठीच्या आहेत. वारकऱ्यांमधला र कोणी ऱ ला हलन्त जोडून लिहितं, तर कोणी साध्या र ला हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह देऊन. कळफलकाप्रमाणे हे बदलतं. तुमच्या साइटवर दोन्ही प्रकारचा मजकूर येणार हे धरून चाला आणि दोन्ही तपासा. तसंच ॲ चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी अ वर चंद्र देऊनच काम भागवलं जायचं आणि अजूनही काही जण तसंच लिहितात. काही फॉन्टमध्ये एक रूप नीट उमटतं आणि दुसऱ्यात ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.

परवाना वाचा. गुगल फॉन्ट्सवरचे बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात, व्यावसायिक साइटवरही चालतात. विकत घेतलेल्या फॉन्टचा डेस्कटॉप परवाना मात्र वेबला लागू होईलच असं नाही. वेबचा परवाना बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

फाइल तयार करणं

फॉन्ट थेट गुगलच्या सर्व्हरवरून ओढावा की स्वतःच्या? स्वतःच्याच, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी सांगायचे, की गुगलचा फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या साइटमुळे आधीच साठवलेला असतो, म्हणून तो लवकर येतो. आता ब्राउझर प्रत्येक साइटची साठवण वेगळी ठेवतात. क्रोममध्ये हे २०२० पासून आहे. त्यामुळे तो फायदा उरलेला नाही, उलट एका जादा सर्व्हरशी जोडणी करण्यात वेळ जातो. युरोपातल्या महाराष्ट्र मंडळांची साइट सांभाळत असाल तर आणखी एक कारण आहे. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने गुगलवरून फॉन्ट ओढणाऱ्या एका साइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली, कारण त्यात वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गुगलकडे गेला होता.

डाउनलोड केलेली फाइल टीटीएफ असते. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची शेकडो रूपं असल्यामुळे ती वजनदार असते. ती वॉफ-टू या वेबसाठीच्या आटोपशीर प्रकारात बदलायची आणि नको असलेला भाग कापायचा. फॉन्टटूल्स या पायथन पॅकेजमधली पायएफटीसबसेट ही आज्ञा दोन्ही कामं एकदम करते. सोबत ब्रॉटली हे पॅकेज बसवलेलं लागतं. आज्ञेत तीन गोष्टी सांगायच्या: कोणते युनिकोड अंक ठेवायचे, लेआउट फीचर्स, म्हणजे जोडाक्षरं जुळवण्याचे फॉन्टमधले नियम, सगळीच्या सगळी ठेवायची, आणि फ्लेवर, म्हणजे फाइलचा प्रकार, वॉफ-टू.

मराठी मथळ्यांना पुरेल एवढी यादी अशी: देवनागरीचा पूर्ण विभाग, म्हणजे यू+०९०० ते ०९७एफ; अदृश्य चिन्हं २००सी आणि २००डी; ठिपक्यांचं वर्तुळ २५सीसी; रुपयाचं चिन्ह २०बी९; साधी रोमन अक्षरं ००२० ते ००७ई; आणि विरामचिन्हांसाठी २०१३, २०१४, २०१८, २०१९, २०१सी, २०१डी, २०२६. यातलं २००डी विसरलात तर वर सांगितलेल्या दुसऱ्या पद्धतीचे वारकरी मोडण्याची शक्यता राहते.

आजच्या मथळ्यांत आलेली अक्षरंच तेवढी ठेवून फाइल आणखी लहान करता येते, पण तसं करू नका. उद्या कुणाच्या मथळ्यात ढ किंवा ङ आला की तेवढं एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टमध्ये उमटेल. कायम तोच राहणाऱ्या एखाद्या मोठ्या शीर्षकासाठी ते ठीक आहे. ओपन फॉन्ट लायसन्समध्ये काही फॉन्टांचं नाव राखीव असतं. अशा फॉन्टमध्ये काटछाट करून तो वाटायचा असेल तर नाव बदलावं लागतं, म्हणून सोबतची लायसन्सची फाइल एकदा उघडून बघा.

सीएसएसमध्ये जोडणी

ॲट-फॉन्ट-फेस या नियमात फॉन्ट-फॅमिली म्हणून तुम्हाला सोपं जाईल ते नाव द्या, एसआरसीमध्ये वॉफ-टू फाइलचा पत्ता आणि त्यापुढे फॉरमॅट लिहा. आजच्या सगळ्या ब्राउझरांना वॉफ-टू समजतं, त्यामुळे ईओटी, एसव्हीजी अशी जुन्या लेखांत दिसणारी लांबलचक यादी लागत नाही. फॉन्ट-वेटमध्ये फाइलची खरी जाडी सांगा. व्हेरिएबल फॉन्ट असेल तर इथे दोन आकडे लागतात, उदाहरणार्थ १०० आणि ८००. एकच आकडा दिला तर बाकीच्या जाड्या मिळतच नाहीत आणि फॉन्ट बिघडलाय असं वाटत राहतं.

मथळ्यातल्या इंग्रजी शब्दांसाठी दुसरा फॉन्ट हवा असेल तर त्याच नावाचा आणखी एक फॉन्ट-फेस लिहून त्याला युनिकोड-रेंज रोमन अक्षरांपुरती द्या. अदृश्य जोडचिन्हं देवनागरीच्याच रेंजमध्ये राहतील हे बघा.

मग एच-वन, एच-टू, एच-थ्री यांना ही फॅमिली द्या आणि पुढे पर्याय म्हणून निर्मला यूआय, कोहिनूर देवनागरी, नोटो सान्स देवनागरी आणि शेवटी सान्स-सेरिफ. परिच्छेदांना हात लावू नका. मजकूर यंत्रातल्याच फॉन्टमध्ये राहू दे, तो लगेच दिसतो आणि वाचकाचा डेटाही वाचतो.

पानाची भाषाही सांगायला हवी. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये लँग म्हणून एमआर लिहा. अनेक चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श ची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात आणि कोणतं दाखवायचं ते ब्राउझर या खुणेवरून ठरवतो. भाषा इंग्रजी लिहिलेली असेल तर मराठी वळण फॉन्टमध्ये असूनही वाचकाला दिसणार नाही. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधल्या जनरल पानावर साइटची भाषा मराठी केली की ही खूण आपोआप येते.

देवनागरी मथळ्याच्या दुखऱ्या जागा

इंग्रजीसाठी केलेल्या थीमचे आकडे देवनागरीवर तसेच ठेवले की मथळा बिघडतो. कितीही सुंदर फॉन्ट निवडा, या चार गोष्टी दुरुस्त केल्या नाहीत तर पान ओबडधोबडच दिसणार.

पहिली, जाडी. ब्राउझर मथळे मुळातच बोल्ड करतो. पण टिरो, यात्रा वन, मोदक, रोझा वन यांच्यात बोल्ड नाहीच. मग ब्राउझर साध्या अक्षराला कृत्रिम जाडी देतो. क्ष, द्ध, ष्ट यांच्यातल्या पोकळ्या बुजतात आणि शाई पसरल्यासारखा मथळा दिसतो. अशा फॉन्टच्या मथळ्यांना फॉन्ट-वेट ४०० द्या आणि फॉन्ट-सिंथेसिस नन लिहून कृत्रिम जाडी आणि कृत्रिम तिरकेपणा दोन्ही बंद करा.

दुसरी, ओळीची उंची. इंग्रजी थीममध्ये मथळ्याची लाइन-हाइट १.१ किंवा १.२ असते. आता हा मथळा मोबाइलवर मोडून दोन-तीन ओळींत येतो असं समजा: पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांच्या दिंड्यांसाठी कुर्डुवाडीहून जादा गाड्या. यातल्या कुर्डुवाडीचे दोन उकार खाली लोंबतात, तिसरा हू चा. अशा शब्दाखाली पुढच्या ओळीत वेलांटी, रफार किंवा अनुस्वार असलेला शब्द आला की दोघांची टक्कर होते. देवनागरीला १.३५ ते १.५ लागते, फॉन्टप्रमाणे थोडं कमीजास्त. याच कुटुंबातला दुसरा त्रास कार्डांवर दिसतो: लाइन-क्लॅम्प लावून मथळा दोन ओळींवर कापलेला असतो आणि ओव्हरफ्लो हिडन असल्यामुळे पहिल्या ओळीचे रफार वरून छाटले जातात. मथळ्याला वर-खाली ०.१५ ईएम पॅडिंग दिलं की ते परत दिसतात.

तिसरी, अक्षरांतर. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा. उणे आकडा दिला तर अक्षरं एकमेकांवर चढतात, अधिक दिला तर शिरोरेषा तुटून शब्द फटीफटीने विखुरतो. थीममध्ये ते कुठेतरी दिलेलं असतंच, म्हणून लँग एमआर असलेल्या सगळ्या मथळ्यांसाठी ते नियमाने शून्यावर आणा.

चौथी, नक्षीकाम. टेक्स्ट-स्ट्रोकने अक्षराला कडा दिली की शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते, कारण शेजारची अक्षरं तिथे एकमेकांवर थोडी चढलेली असतात. मथळा अक्षराअक्षराने उलगडणारं ॲनिमेशन तर त्याहून घातक: त्यात स्क्रिप्ट शब्दाचे तुकडे करते आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे पडून ठिपक्यांची वर्तुळं दिसू लागतात. ॲनिमेशन हवंच असेल तर तोडणी शब्दाशब्दाने करा.

टेक्स्ट-रॅपला बॅलन्स हे मूल्य देणं मात्र जरूर करावं. मग ओळींची लांबी सारखी होते आणि दोन ओळींच्या मथळ्यात शेवटी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा एकटाच शब्द उरत नाही.

लोड होताना पान हलू नये

फॉन्ट-डिस्प्ले काही दिलं नाही तर फॉन्ट येईपर्यंत, साधारण तीन सेकंदांपर्यंत, मथळ्याची जागा कोरी राहते. स्वॅप दिलं की आधी यंत्रातला फॉन्ट दिसतो आणि मग तुमचा येतो. ऑप्शनल दिलं तर फॉन्ट अगदी लगेच आला तरच वापरला जातो, नाहीतर त्या भेटीपुरता सोडून दिला जातो. नेटवर्क कमजोर असलेल्या भागात तुमचा वाचक जास्त असेल तर ऑप्शनलचा जरूर विचार करा. बाकी ठिकाणी स्वॅप.

स्वॅपमध्ये फॉन्ट बदलताना मथळा दोन ओळींचा तीन ओळींचा होतो आणि खालचा मजकूर धाडकन सरकतो. त्यावर उपाय म्हणजे पर्यायी फॉन्टचं माप आपल्या फॉन्टला जुळवणं. आणखी एक फॉन्ट-फेस लिहा, एसआरसीमध्ये लोकल म्हणून निर्मला यूआय द्या आणि साइझ-ॲडजस्टमध्ये टक्केवारी. तुमचा मथळा दोन्ही फॉन्टमध्ये एकाखाली एक ठेवून रुंदी सारखी येईपर्यंत ती बदलत राहा. कोहिनूरसाठी वेगळा नियम, कारण त्याचं माप वेगळं. दोन्हींची नावं मथळ्याच्या फॅमिलीत आपल्या फॉन्टनंतर लगेच लिहायची.

पहिल्या पडद्यावर दिसणाऱ्या मथळ्याची एकच फाइल प्रीलोड करा, म्हणजे ब्राउझरला ती आधीच मागवायला सांगा. प्रीलोडच्या ओळीत क्रॉसओरिजिन लिहायलाच हवं, फाइल तुमच्याच सर्व्हरवर असली तरी. नाहीतर ब्राउझर तीच फाइल दोनदा उतरवतो. फाइल वेगळ्या डोमेनवरच्या सीडीएनवर (फाइली पुरवणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवर) असेल तर त्या सर्व्हरने परवानगीचा सीओआरएस हेडर पाठवला पाहिजे. तो नसला की फॉन्ट गप्पपणे नाकारला जातो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी

एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीपासून ब्लॉक थीममध्ये फॉन्ट लायब्ररी आहे. संपादक उघडा, शैली, मग टायपोग्राफी, तिथून फॉन्ट व्यवस्थापन. गुगलचे फॉन्ट इथून बसवले तर फाइल तुमच्याच सर्व्हरवर उतरते. कापून तयार केलेली वॉफ-टू फाइल अपलोडही करता येते आणि मी तेच सुचवेन. मग टायपोग्राफीमध्येच हेडिंग्ज निवडून तो फॉन्ट लावायचा. लाइन-हाइट आणि लेटर-स्पेसिंगचे डबेही तिथेच आहेत, त्यामुळे यासाठी वेगळं प्लगइन लागत नाही. फॉन्ट-सिंथेसिस तेवढं जादा सीएसएसमध्ये लिहावं लागेल.

तपासणी

डोळ्यांवर विसंबू नका, कारण तुमच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट बसवलेला असू शकतो. क्रोममध्ये मथळ्यावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा, कम्प्युटेडच्या अगदी तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स दिसतील. तिथे तुमच्या फॉन्टपुढे नेटवर्क रिसोर्स असं लिहिलेलं हवं. लोकल फाइल दिसली किंवा एकाच मथळ्यात दोन फॉन्टांची नावं आली, तर फॉन्ट उतरलाच नाही किंवा काही अक्षरं फाइलमध्ये नाहीत असं समजा (इंग्रजी शब्दांसाठी मुद्दाम दिलेला दुसरा फॉन्ट सोडून). मग नेटवर्कच्या टॅबवर कॅश बंद करून, वेग थ्रीजीवर आणून पान पुन्हा उघडा आणि फॉन्ट बदलताना मजकूर किती सरकतो ते बघा. वर दिलेली शब्दांची ओळ साइटच्या एका खाजगी पानावर एच-वन, एच-टू, एच-थ्री अशा तिन्ही आकारांत ठेवून द्या. एखाद्या स्वस्त अँड्रॉइड फोनवर, आयफोनवर आणि विंडोजच्या फायरफॉक्सवर ते पान उघडून बघा. सफारी देवनागरीची जुळणी स्वतःच्या यंत्रणेने करते, त्यामुळे क्रोममध्ये नीट दिसलं म्हणजे आयफोनवरही दिसेलच असं धरू नका.

सगळं जमलं की सर्व्हरवर फॉन्टच्या फाइलला वर्षभराची कॅश-मुदत द्या आणि फाइलच्या नावातच आवृत्तीचा आकडा घाला. पुढे एखादं अक्षर वाढवून फाइल नव्याने बनवलीत तर आकडा बदला आणि सीएसएस व प्रीलोड दोन्हीकडे नवं नाव लिहा. जुनंच नाव ठेवलं तर नेहमीच्या वाचकांना वर्षभर जुनी फाइलच मिळत राहील.